स्टिअरिंग हलकं झालं त्याची नोंद

५ फेब्रुवारी, सोमवार

आज डायलिसिसचा वार. निघण्याआधी नेहमीप्रमाणे हिच्या उजव्या हाताला बोटं लावून पाहिली. कोपराच्या खाली डॉक्टरांनी दोन शिरा जोडून दिल्या आहेत, तिथे थरथर लागते. मांजर गुरगुरावं तशी. सिस्टर त्याला फिस्टुला म्हणतात, आम्ही जोड म्हणतो. थरथर लागली म्हणजे जोड चालू. ही डावखुरी, म्हणून जोड उजव्या हाताला. त्या हाताने जोर करायचा नाही, ओझं उचलायचं नाही, घड्याळसुद्धा बांधायचं नाही. या बाबतीत मी फार कडक आहे. दुधाचं पातेलंही उचलू देत नाही.

परत येताना गल्लीच्या कोपऱ्यावर स्टिअरिंग एकदम दगड झालं. समोर पिवळा दिवा लागला. चाकाचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. कसंबसं वळवलं, गाडी कठड्याला जरा घासली. ही म्हणाली, अहो, काय झालं? म्हटलं, रस्ता खराब आहे.

लेकीला कळू द्यायचं नाही. मागे फाटकाला गाडी लागली तेव्हाच ती म्हणाली होती, बाबा, आता एकदा जरी काही झालं तर किल्ली माझ्याकडे. म्हणजे मग हिला हॉस्पिटलच्या गाडीतून जावं लागणार. ती गाडी गावभर पेशंट गोळा करत फिरते, हिला मळमळतं. आणि मी काय करायचं? खिडकीतून टाटा?

६ फेब्रुवारी, मंगळवार

मेकॅनिककडे गेलो. त्याने चाक थोडं हलवलं आणि म्हणाला, पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली. पार्ट मागवावा लागेल, गाडी आठवडाभर राहील. आणि आजोबा, तोवर ही चालवू नका हं, हात भरून येतील.

आजोबा म्हणाला तिथेच त्याच्याबद्दल माझं मत बनलं. छापखान्याचा टेम्पो मी जन्मभर चालवला. त्याला कुठे होती मोटर? दोन हात हीच पॉवर. शाळा सातवीत सुटली असेल माझी, पण गाडीतलं मला कोणी शिकवू नये.

शिवाय आठवडाभर गाडी दारात दिसली नाही तर लेक विचारणारच. पुढच्या महिन्यात बघू.

पिवळा दिवा फार डोळ्यांत येत होता. हिच्या ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचा तुकडा वर लावून टाकला. बरं वाटलं.

संकल्प: रोज सकाळी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन दंडांचा व्यायाम.

७ फेब्रुवारी, बुधवार

व्यायाम केला. खांदा ठणकतो. म्हणजे लागू पडतोय.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कमीत कमी वळणांचा रस्ता शोधून काढला. उत्तम रस्ता. फक्त लांब आहे. पोचायला उशीर झाला, सिस्टर म्हणाली, काका, मशीन काय तुमची वाट बघत बसणार का? हॉस्पिटलच्या फाटकात गाडी आडवी अडकली. वॉचमन काचेवर टकटक करून म्हणाला, झोप लागली का? लोकांना बोलायला काय जातं.

हिने विचारलं, स्टिअरिंग जड झालंय का हो? म्हटलं, नाही, मला जरा सर्दी आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सर्दी लागेल म्हणून घाबरली असेल.

येताना मात्र कमाल झाली. गल्लीचा कोपरा आला, हिने माझ्या बाजूचा हात चाकावर ठेवला. भीती वाटत असणार. आणि गाडी लोण्यासारखी वळली! एका दिवसाच्या व्यायामात एवढा फरक. मेकॅनिकला जाऊन दाखवलं पाहिजे.

१० फेब्रुवारी, शनिवार

एकटाच औषधं आणायला गेलो. स्टिअरिंग पुन्हा दगड. दुकानासमोर वळताना घाम फुटला. शेवटी वळलोच नाही, सरळ पुढे जाऊन लांबच्या दुकानातून औषधं आणली. तिथे गर्दीही कमी असते.

विचार केला. दोघं असलो की हलकं, एकटा असलो की जड. म्हणजे गाडीला बॅलन्स लागतो. डाव्या सीटवर वजन पाहिजे. हे मेकॅनिकच्या डोक्यात आलं नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

स्टिअरिंग जाताना हलकं, येताना हलकं. माझं म्हणणं सिद्ध झालं. वळण आलं की हिचा हात चाकावर असतोच. सवय लागली आहे. वळताना दात आवळून घेते. इतकी काय भीती? मी म्हटलं, अगं, मी आहे ना. ती म्हणाली, हो, तुम्ही आहातच.

एक वाईट बातमी. जोडाजवळ सूज आली आहे. सिस्टरने हिला विचारलं, मावशी, काय उचललंत? ही म्हणाली, काही नाही. मी सिस्टरसमोरच हिला सुनावलं. किती वेळा सांगायचं, किती जपायचं माणसाने? सिस्टर म्हणाली, काका, राहू द्या. घरी आल्यावर बादली माळ्यावर टाकली. ही म्हणाली, मग आंघोळ कशाने करू? बाईमाणसाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोग. शेजारच्या बांधकामावरून वाळूची गोणी मागून आणली आणि हिच्या सीटवर ठेवली. गाडी टुंग टुंग करायला लागली म्हणून गोणीला बेल्ट लावला. फाटकात शेजारी भेटले. म्हणाले, वहिनी आज अगदी गप्प बसल्यात. वात्रट माणूस.

स्टिअरिंग हललं नाही. वाळू कमी पडली. गोणी काढताना कंबरेत चमक आली, म्हणून उद्या व्यायामाला सुट्टी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

येताना हिच्या हाताची पट्टी रक्ताने भिजली. घरी येईपर्यंत पदराला लागलं. कापूस दाबून धरला, फार वेळ थांबेना. सुई नीट न टोचल्याचा परिणाम. सोमवारी सिस्टरला झापणार आहे.

रक्त थांबल्यावर ही म्हणाली, गाडी एकदा दाखवून घेऊ या का? म्हटलं, गाडीचा इथे काय संबंध? संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाबा गाडी नीट चालवतात का, असं तिने विचारलं असणार, कारण ही म्हणाली, अगदी छान चालवतात, तू काळजी करू नकोस. मी आत बसून ऐकत होतो. ऊर भरून आला. इतक्या वर्षांच्या संसारात हिने माझं असं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

थरथर कमी लागते. माझी बोटं गार असतील.

१९ फेब्रुवारी, सोमवार

जोड बंद पडला.

सुई घातली, रक्त येईना. मोठे डॉक्टर आले, हाताला यंत्र लावून पाहिलं. आत रक्ताची गाठ झाली आहे. या हाताचं आता काही होणार नाही म्हणाले. मानेत नळी घालून तात्पुरतं काम चालवायचं. मग नवीन जोड डाव्या हाताला. डाव्या हाताने ती लिहिते, जेवते, भाजी चिरते. माझ्या शर्टाची वरची बटणंही त्याच हाताने लावते, मला आता ती लावता येत नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, या हाताने काही ओढलंत का, जोर केलात का? मी म्हणालो, साहेब, मी घरात पेलासुद्धा उचलू देत नाही. डॉक्टर म्हणाले, मी त्यांना विचारतोय. ही म्हणाली, झोपेत त्या कुशीवर वळले असेन. माझ्याकडे पाहिलं नाही.

तिला ठेवून घेतलं. कपडे आणायला मी एकटा निघालो. आधी सरळच रस्ता होता. गल्लीच्या कोपऱ्यावर चाक धरलं आणि ओढलं. नाही वळलं. दोन्ही हातांनी लोंबकळलो. मागे हॉर्न सुरू झाले. डावा हात सोडून शेजारच्या सीटवर चाचपलं. का चाचपलं ते सांगता येत नाही. सीट रिकामी होती.

लोकांनी ढकलून गाडी कडेला लावली. एक जण म्हणाला, आजोबा, एवढं जड स्टिअरिंग घेऊन इथवर आलात कसे?

पुढे लिहायचं होतं. नको.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सवयीने हिच्या उजव्या हाताला बोटं लावली. गप्प. नुसता हात. ही म्हणाली, आता त्याला जपायला नको, पातेलं उचलायला मोकळा झाला. हसायला गेली, नळी ओढली गेली.

मग हळूच म्हणाली, काल कोपऱ्यावर कसं केलंत?

मी म्हटलं, गाडी तिथेच आहे. तिने डोळे मिटले.

दुपारी लेक आली. मी किल्ली काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, स्टिअरिंग जड झालंय. ती म्हणाली, कधीपासून?

मी म्हटलं, कालपासून.

हिने भिंतीकडे मान वळवली. नळी दुखत असणार.