जिमचं कार्ड फ्रिजवर ठेवलंय

आई,

लहानपणी कानबाईच्या सणाच्या जेवणात माझ्या घासाला वास आला, तेव्हा तो थुंकायला लावत आजी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "थुकी दे पोरी, लाजू नको." सकाळपासून तिचाच आवाज कानात घुमतोय.

वरण शिजलंय, फोडणी तेवढी दे. बादलीतला माझा टी-शर्ट धुऊ नकोस. त्याला लीलाधरच्या स्प्रेचा वास येतो, तो मी टाकूनच देणार आहे. त्याला दादा म्हणायला आता जीभ वळत नाही. फ्रिजवर त्याच्या जिमचं कार्ड आहे, ते परत कर. मी पिंप्राळ्यातल्या कराटे क्लासला चाललेय, तिथे बाई शिकवतात.

तू म्हणशील, "परक्यांत हातपाय कशाला झाडतेस? जिम घरचीच आहे, आपल्यासोबत कानबाईच्या प्रसादाचे रोट खाणारा भाऊबंद आहे तो." त्याचीच तर किळस येते, आई. यंदा त्याच्या ताटात रोट मी वाढणार नाही.

पाय दुखतो म्हणून जिम बुडवते, असं तुला सांगत होते, ते खोटं होतं. वजन उचलायला शिकवताना तो माझ्या अंगावर नको तिथे हात फिरवतो. झटकला की हसून म्हणतो, "लाजतीस काय? तुना भाऊच शे ना मी."

रूपा