शेया आणि पूर

मंगळवार संध्याकाळ, अल् घुब्रा

वादीला, म्हणजे इथल्या एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, पूर आला म्हणून ऑफिस दुपारीच सोडलं. निघताना पोर्तुगालचा सहकारी म्हणाला, त्यांच्याकडे पुराला ‘शेया’ म्हणतात, म्हणजे भरलेली. पौर्णिमेचा चंद्रही शेयाच. आमच्यात असलं काही नाही, मी ठोकून दिलं. मग गाडीत सारखा तोच शब्द डोक्यात का?

बायको पाण्यामुळे पलीकडे माबेला भागात अडकली होती. ती दारात दिसेपर्यंत शेया वगैरे सगळं विसरलो.

जेवताना लेकीला भात वाढत होतो. तिचं मराठी अडखळतं, पण एवढं चोख येतं: “बाबा, पुरे.”

डाव हातातच राहिला. पूर, पूर्ण, पुरे. एकाच घरचे शब्द, आणि मी नाही म्हणून आलो. उद्या त्याच्याकडे कबूल करावं लागणार.

बाहेर वादी अजून वाहतेय. घरात आम्ही तिघं आहोत. पुरे.