तीन ठिकाणी ठेवलेले फोटो

नाहूर, रविवार

ती. अण्णा,

तुला आणि वहिनीला इथूनच वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, घाबरू नकोस. वहिनीचा गुडघा आता कसा आहे?

काल दुपारी मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. मे महिन्यात तुझ्याकडच्या वाळवी लागलेल्या अल्बममधले फोटो मी मोबाइलवर उतरवून आणले होते ना, ते सगळे गेले.

मोबाइल भरला म्हणून मी त्यातले पुसले आणि मोबाइलमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. तेच फोटो टॅबवर नि कॉम्प्युटरवर दिसायचे, म्हणून निर्धास्त होते. पाहते तर तिथूनही नाहीसे! अबोली म्हणाली, "अहो आई, साठा एकच होता, या त्याच्या तीन खिडक्या. वेगळ्या डिस्कवर कॉपी नको का ठेवायला?" सुनेकडून हे ऐकायची वेळ आली.

माझ्या कॉन्व्हेंटच्या बक्षीस समारंभात आई सिस्टर बेनेडिक्टांच्या शेजारी लाजून हसत उभी होती, तो फोटोही गेला. तिचा हसरा असा तो एकच फोटो रे.

आणि निघताना मीच तुला बजावलं होतं, गेलेल्या माणसांचे अल्बममधले मूळ फोटो केरात टाकू नकोस, गणपतीबरोबर नदीत सोड. गणपती तर परवाच गेले. फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे.

अण्णा, लहानपणापासून तू माझं एकही ऐकलं नाहीस. हेही ऐकलं नसशील ना रे?

तुझीच,
माणिक