दुसऱ्याचं मशीन

२ एप्रिल १९९०
भाईदास आबांचं घड्याळ आज उघडलं. आबा म्हणजे चोपड्याचे आमचे याही, आमच्या लेकीचे, कस्तुराचे सासरे. धंदा केळीचा, पण रुबाब संस्थानिकाचा! परवा दुकानात येऊन मनगटावरून काढून दिलं. "मांगे पडस. जपीसन! स्विस शे. मशीनबी कंपनीनंच, बठ्ठं घरमाच बनाडतस."
म्हणे आतलं मशीनही कंपनी स्वतःच बनवते. आणि आत? बॅलन्स चक्राखाली शिक्का दुसऱ्याच कारखान्याचा! डायलवर नाव एकाचं, मशीन भलत्याचं. मला हसू आवरेना. तसं यात खोटं काही नाही. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा मशीन बाहेरून घेतात, घासूनपुसून, वेळ लावून वर आपलं नाव घालतात. मशीन तर फक्कड आहे. बायको, पुष्पा, म्हणाली, "तिथे तोंड उघडू नका हं."

७ एप्रिल
उघडलं! चोपड्याला त्यांच्या ओट्यावर चांगली माणसं जमलेली, चहा चाललेला, घड्याळाचं कौतुक. मला राहवलं नाही. "आबा, घरचं कसलं? मशीन बाहेरचं आहे!" सगळे हसले. आबा हसले नाहीत.
"मन्हं असली मशीन काय करं तू?"
तू! सोयरीक झाल्यापासून पहिल्यांदा. मी झाकण उघडून शिक्का दाखवला, समजावलं. जेवढं समजावलं तेवढा चोर ठरलो. घड्याळजी मशीन बदलतो ही ओरड जुनीच, म्हणून तर गिऱ्हाइकासमोरच उघडायचा आमचा रिवाज. याह्यांना काय समोर बसवायचं, म्हणून पाळला नाही. गाढव आहे मी!
दाराआड कस्तुरा उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक.

१२ एप्रिल
पत्र नाही, निरोप नाही.

१८ एप्रिल
कस्तुराला आखाजीच्या सणाला आणायला धाकट्या भिकनला मुराळी म्हणून धाडलं होतं. एकटाच परत आला. "नाना, ताई बाहेर आलीच नाही. आत होती, बांगड्या वाजल्या." गल्लीतल्या बाकीच्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले. पुष्पा धड जेवत नाही. मला भीती वाटते — तिकडे पोरीचं काय चाललं असेल?

२२ एप्रिल
पंडितभाऊ येऊन गेले. सोयरीक त्यांनीच जुळवलेली. "अभिमन, चारचौघांत आबांची इज्जत गेली रे. बदललं म्हण आणि मिटव. पोर लगेच दारात येईल." मी भडकलो. न केलेली चोरी कबूल करू? सगळ्या धुळ्यात माझ्या हाताला कुणी नावं ठेवली नाहीत!
पुष्पाने कस्तुरासाठी काढलेली साडी पुन्हा पेटीत ठेवली.

२४ एप्रिल
जाऊन आलो. त्याच ओट्यावर, त्याच माणसांसमोर हात जोडले. "होय, मशीन मीच बदललं." आबांनी चक्क चहा मागवला! "आखाजीले धाडस पोरले," म्हणाले. परतताना एसटीत रडलो, लाज वाटली नाही. पोर येतेय, बास.

२६ एप्रिल
कस्तुरा आली — टेम्पोतून. लग्नातलं कपाट, पलंग, भांडी, सगळं मागे लादलेलं. ड्रायव्हरने खाली मान घालून आबांचा निरोप सांगितला, "चोरनी पोर आमले नको."