फलकपालाचा नववा नियम

आदिलाबाद
मंगळवार, ता. २३ मार्च १९९९

प्रिय रेणुका,

सप्रेम जयभीम.

पत्र का लिहिते ते आधी सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही हे तुला ठरवता येईल. इंटरनेटवरच्या 'सीमाफलका'वर 'पैनगंगा' या नावानं कुणीतरी लिहीत होतं. त्या व्यक्तीचा मजकूर मी तीन वेळा काढून टाकला आणि नंतर तिला फलकच बंद केला. ती व्यक्ती तू आहेस हे मला ता. १४ ला, रविवारी, विहारात पंधरा-वीस बायांसमोर कळलं. ज्या तऱ्हेनं कळलं, त्यानंतर गप्प बसता येत नाही.

इकडे सर्व ठीक. उन्हं तापली आहेत, माझा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना नाही. तुमच्या क्वार्टरला पाणी आता रोज येतं असं ऐकलं. खरं असेल तर बरं.

मी फलकावर कशी आले हे तुला माहीत नसेल. भैंशाचे उद्धवराव हैदराबादला कम्प्युटरच्या नोकरीत आहेत. सीमेवरच्या मराठी माणसांना एकमेकांशी बोलायला जागा असावी म्हणून त्यांनी हा फलक काढला. महिनाभरात तिथं बाजार भरला. कापसाच्या भावावरून दोघं एकमेकांच्या बापापर्यंत गेले. एक गृहस्थ सगळा मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आणि तसं लिहिणं म्हणजे कानात ओरडणं असतं हे त्यांना कुणी सांगेना. तेव्हा उद्धवरावांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, तुम्ही छत्तीस वर्षं वर्ग शांत ठेवलात, हा एवढा ठेवा." इंग्रजीत या कामाला मॉडरेटर म्हणतात. मी 'फलकपाल' शब्द केला.

बसस्टँडजवळच्या कम्प्युटर क्लासात मी सोमवार, बुधवार, शनिवार चार ते पाच बसते. तिथला मालक माझ्या मागून ये-जा करतो आणि पडद्याकडे बघतो. मी पाठ रुंद करून बसते.

नियम मीच लिहिले. सहा लिहिणाऱ्यांसाठी, पाच फलकपालासाठी. कुणाची जात किंवा गाव काढून चिडवू नये. मोठ्या अक्षरांत लिहू नये. चौथा असा: कुणी टोपणनावानं लिहिलं तर 'तू कोण' असं विचारू नये, आणि न बोलणाऱ्याचं नाव चव्हाट्यावर ओढू नये. फलकपालानं मजकूर काढला तर कारण लिहावं. नोंदणीची यादी, ज्यात प्रत्येकाचा खरा ई-मेल असतो, ती फलकपालानं उगाच उघडू नये. आणि नववा: जो मजकूर फलकपालाच्या स्वतःविषयी असेल, त्याला फलकपालानं हात लावू नये, तो दुसऱ्याकडे सोपवावा.

नववा लिहिताना मी थोडा वेळ थांबले होते. मग लिहिला. उद्धवराव म्हणाले, "बाई, हा कशाला? तुमच्याविषयी कोण लिहिणार?"

जानेवारीत तू लिहिलंस. सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तसंच सगळे लिहितात, देवनागरी तिथं उमटत नाही. मी वाचलं ते असं: 'अठ्ठ्याऐंशीच्या मुलाखतीत त्या बाईले नाही म्हणले कौन?'

मी क्लासच्या मालकाकडे बघितलं, तो पंखा पुसत होता. कोण नाही म्हणालं, असं कुणीतरी विचारत होतं. अकरा वर्षांनी कुणीतरी माणूस शोधत होतं. मी चौथा नियम लावला आणि मजकूर काढला. कारणाच्या जागी लिहिलं: 'व्यक्तीचं नाव विचारणे.'

पंधरा दिवसांनी दुसरा आला. 'बीएड होती, पैनगंगेकाठची होती, तरी नाही म्हणले कौन, येवढंच सांगा.' तोही काढला. त्यानंतर माझा कुणावरच भरवसा राहिला नाही. फलकावर कुणी सहज 'जुन्या शाळेची आठवण' असं लिहिलं तरी मी त्यात टोचणी शोधायची. भाजीवालीनं "बाई, आजकाल लई कम्प्युटरवर बसता," म्हटलं, तर मी पुढच्या आठवड्यात दुसरीकडून भाजी घेतली.

तिसरा थेट मला होता. 'फलकपालबाई तुमी उत्तर देत नाही कौन.' प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. इथं तरी मला कळायला हवं होतं. 'तुम्ही उत्तर देत नाही कोण' याला अर्थ आहे का? मी आठवीच्या मुलीला असं वाक्य लिहू दिलं नसतं. पण माझ्या डोक्यात 'कोण' पक्कं बसलं होतं, आणि घाबरलेलं माणूस व्याकरण बघत नाही. मी तोही काढला आणि 'पैनगंगा'ला बाहेर काढलं.

मग नोंदणीची यादी उघडली. नियम माझाच होता, तरी उघडली. 'पैनगंगा'समोरचा पत्ता जे, ए, वाय या अक्षरांनी सुरू होत होता आणि पुढे टायपिंग. मी म्हटलं, जयवंताबाई. दुसरं कोण असणार? त्या आमच्या शाळेच्या कार्यालयात कारकून होत्या, मुलाखतीचे कागद त्यांनीच टाईप केले होते, गुणांची बेरीज त्यांनीच केली होती. त्यांना सगळं माहीत होतं.

म्हणून रविवारी वंदना झाल्यावर, बाया चटया गुंडाळत होत्या तेव्हा, मी तो पत्ता वर लिहिलेले तीन छापील कागद त्यांच्यापुढे धरले. म्हणाले, "जयवंताबाई, जे विचारायचं ते तोंडावर विचारा. नदीच्या नावामागे लपू नका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "काय हाय हे?"

"तुम्हीच लिहिलंय."

"मी?" त्या बाकीच्या बायांकडे वळल्या. "आयका वं बायांनो. मले घरचा टीव्ही लावाले नातीले हाक मारा लागते, अन् बाई म्हणते मी कम्प्युटरवर लिवलं." बाया हसल्या. मग त्या माझ्याकडे बघून हळू बोलल्या, "सतरा वर्सं तुमची हजेरी लिवली मी, कौशल्याबाई. एक दांडी इकडची तिकडं नाही केली. अन् आता ह्या वयात तुमी मले चोर ठरवून राह्यल्या?"

मी म्हटलं, "मग कोण नाही म्हणालं, हे विचारायचं दुसऱ्या कुणाला कारण काय?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. एकेक अक्षर बोटानं वाचलं. के, ए, यू, एन. मग त्यांनी मान वर केली.

"बाई, हे कौन कुठून आणलं तुमी? काऊन हाय हे. नाही म्हणले काऊन. तुमी उत्तर देत नाही काऊन. आपल्यात इंग्रजीत लिवलं तं असंच दिसते. आमच्या पोरीयच्या हातावर ह्याच शब्दासाठी पट्टी मारत होत्या तुमी, अन् तुमालेच वाचता नाही आला?"

पुन्हा बाया हसल्या. या वेळी मी त्यांना दोष दिला नाही.

"अन् हा पत्ता," त्या म्हणाल्या, "जय टायपिंग. बेल्लमपल्लीले रेणुकाच्या दुकानावर निळी पाटी हाय. माझी पोरगी तिथंच क्वार्टरात राहते, मी दर उन्हाळ्यात पाहतो. तुमी कवा गेल्या असत्या तं तुमाले बी दिसली असती."

तुझ्या टायपिंग क्लासात इंटरनेट आलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

म्हणजे तू 'कोण' विचारतच नव्हतीस, 'का' विचारत होतीस. खरं सांगू का, मला अजून शंका येते. इंग्रजीत हा शब्द दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो हे तुला ठाऊक असणार. दहा वर्षं टायपिंग शिकवतेस, एखादं अक्षर जास्त टाकून तू सहज 'काऊन' स्पष्ट करू शकली असतीस. मी कोणतं वाचते हे बघायचं होतं का तुला? असेल तर तुला दिसलं.

कोण, याचं उत्तर दे म्हणालीस तर सोपं आहे. मी. तुला मी सांगितलं होतं की संस्थेच्या चिटणिसांनी, सुधाकररावांनी, आपल्या नात्यातल्या मुलीसाठी जागा आधीच धरून ठेवली होती. ते खोटं. त्यांना तू चालत होतीस. समितीतल्या बाकी दोघांनाही. मुलाखतीतून मी बाजूला व्हायला हवं होतं. झाले नाही, कारण मला सगळ्यांत कडक दिसायचं होतं. भाषेचे वीस गुण माझ्या हातात होते. मी तुला पाच दिले. शेऱ्यात लिहिलं: 'भाषा अशुद्ध. मुलांवर परिणाम होईल.'

का, ते अवघड आहे. बहिणीला लावून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून, असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आले. त्यात थोडं खरं आहे. पण पाच गुण त्यासाठी नव्हते. दहा दिले असते तरी मी निःपक्षपाती दिसले असते.

सुधाकररावांनी तुला विचारलं होतं, मुली सातवीनंतर शाळा का सोडतात. आधीच्या चार उमेदवारांनी गरिबी, अज्ञान वगैरे पाठ केलेलं म्हटलं. तू म्हणालीस, "काऊन सोडतात हे त्यायच्या मायले इचारा ना साहेब. कापूस वेचाले पोरीचीच बोटं लागतात. शाळेची वेळ बदला, पोरी येतीन." दिवसभरातलं ते सर्वांत चांगलं उत्तर होतं. मला तेव्हाच कळलं होतं. पण सुधाकरराव हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ही तुमचीच बहीण ना?"

त्या हसण्यावर मी पाच गुण दिले.

आता जे लिहिते ते कुणालाच माहीत नाही. बाबांनाही सांगितलं नव्हतं. औरंगाबादला कॉलेजात पहिल्या वर्षी मी वर्गात उभी राहून प्राध्यापकांना विचारलं होतं, "सर, असं काऊन?" सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही. त्यानंतर वर्षभर मला मुली 'काऊनबाई' म्हणायच्या. मेसमध्ये, जिन्यात, परीक्षेच्या दारात. आपण कोणत्या घरातून आलो हे त्यांना त्या एका शब्दावरून कळलं होतं, आणि तेच त्यांना म्हणायचं होतं. मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. इतका, की चाळीस वर्षांनी इंग्रजी अक्षरांत समोर आला तर ओळखला नाही. मधल्या काळात दर वर्षी चाळीस मुलींच्या हातावर मारून त्यांच्याही तोंडून काढला. आणि तू तो जसाच्या तसा, न लाजता, मुलाखतीच्या खोलीत घेऊन आलीस.

मला तुझी लाज वाटली नव्हती, रेणुका. मला त्या खोलीत पुन्हा 'काऊनबाई' व्हायची भीती वाटली. हे कारण आहे, सबब नाही. नोकरी तुझी गेली, माझी नाही.

आणखी एक. निवृत्तीच्या दिवशी मी त्या मुलाखतीची फाईल चाळली आणि तुझं गुणपत्रक पिशवीत घालून घरी आणलं. पुढे कागद सापडेना तेव्हा संस्थेनं जयवंताबाईंना जाब विचारला. त्या मला कधी बोलल्या नाहीत. परवा, ता. २१ ला, त्याच बायांसमोर मी त्यांची माफी मागितली, आधीच्या रविवारची आणि त्या कागदाचीही. त्या म्हणाल्या, "झालं. आता चटई गुंडाळा."

काल फलकावर तुझे तीनही मजकूर परत लावले. खाली लिहिलं: 'हे फलकपालानं नवव्या नियमाविरुद्ध काढले होते. त्या बाईला मी नाही म्हटलं. का, ते तिला कळवत आहे.' आणि माझं पूर्ण नाव. क्लासच्या मालकानं मागून वाचलं. वाचू दिलं. दोन तासांत उद्धवरावांचा फोन आला, की बाई, एवढं उघड लिहायची गरज नव्हती. मी म्हटलं, दुसरा फलकपाल बघा. तुझं नाव मी सुचवलेलं नाही. माझ्या शिफारशीवर तू काही घ्यावंस असं मला वाटत नाही.

जयवंताबाई परवा लेकीकडे बेल्लमपल्लीला येत आहेत. पत्र न्यायला त्या तयार आहेत, पण म्हणाल्या, "बंद पाकीट मी नेत नाही बाई. वाटेत फाटलं तं उद्या म्हणसान का जयवंतीनं फोडलं. उघडं द्या, अन् काय काय दिलं त्याची यादी लिवा." म्हणून पाकीट उघडं आहे आणि यादी खाली आहे. त्यांनी वाचलं असेल तर वाचू दे, त्यांचा तेवढा हक्क आहे.

तू उत्तर द्यावंस असं लिहिणार होते. लिहीत नाही. अकरा वर्षं तुला उत्तर हवं होतं आणि मी खरं बोलत नव्हते, आता गप्प बसायची पाळी तुझी असेल तर ती तू घे.

जयवंताबाईंच्या हाती दिले, ता. २३ मार्च १९९९, सायंकाळी पाच:

१. 'पैनगंगा'चे तीन मजकूर, छापील, काढल्याच्या नोंदीसह. पाने तीन.
२. सीमाफलकाचे अकरा नियम, माझ्या हस्ताक्षरात. चौथ्यापुढे आणि नवव्यापुढे फुली आहे, ती आज केली.
३. शाळेच्या मुलाखतीचं गुणपत्रक, सन १९८८, मूळ प्रत. शेरा माझा, सही माझी. यापुढे ते कुठे ठेवायचं ते तू ठरव.
४. लाकडी पट्टी, एक. जयवंताबाई हसल्या, पण त्यांनी घेतली.
५. हे पत्र.

घेणारी: जयवंताबाई (सही केली)
देणारी: कौशल्या. काऊन दिलं, ते वर लिहिलं आहे.