चेहरा गोलात आणा

३ नोव्हेंबर, सोमवार
डिलिव्हरीच्या ॲपने तीनदा नवऱ्याचा चेहरा मागितला आज! एकदा चौकात, एकदा पेट्रोल भरताना आणि एकदा मी चौथ्या मजल्यावर असताना. फोन माझ्याकडे, नवरा खाली गेटपाशी. पार्सल तसंच दारात टेकवलं आणि जिने उतरत धावले. नव्वद सेकंदांत त्याचा चेहरा फोनमधल्या गोलात आला नाही तर चूक धरतात.

सहा वर्षांचा आयडी त्याचा. पाय मोडलाय त्याचा. म्हणून स्कूटर मी चालवते आणि तो मागे बसतो – प्लास्टरचा पाय बाहेर काढून, कुबडी भाल्यासारखी धरून. एका बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, "ताई, हे पार्सल कितव्या मजल्याचं?" नवरा दिवसभर फुगून होता. मला मात्र हसू आवरेना.

५ नोव्हेंबर, बुधवार
सासूबाई म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढे फोटो काढले नव्हते याचे."

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुकानाबाहेर दाढीवाला भेटला. नवऱ्याबरोबर चार वर्षं काम केलेला. मागे ताप होता म्हणून त्याने दोन दिवस आपल्या आयडीवर भावाला पाठवलं. भावाचा चेहरा तीनदा जुळला नाही, आयडी कायमचा बंद. "तक्रार कुठे केली?" मी विचारलं. "ॲपमध्येच करायची असते, वहिनी. आणि ॲप तर उघडतच नाही." हसत सांगत होता, पण डोळे हसत नव्हते.

घरी येईपर्यंत नवरा मागे बसून फोनची काच पुसत होता.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी सातला पुढच्या आठवड्याच्या वेळा उघडतात. आधी चेहरा दाखवायचा, मग निवडायच्या. सोनेरी लेव्हलवाल्यांना सातला, बाकीच्यांना दहाला, उरलंसुरलं. नवरा दात न घासता गादीवर बसून भराभर बोटं चालवत होता. परीक्षेला बसल्यासारखा!

ही लेव्हल त्याने कशी मिळवली ते मला माहीत आहे. अंगात ताप असताना. सणावाराला. लेक झाली तेव्हा दोन ऑर्डरी पोचवून दवाखान्यात आला – तो राग माझ्या मनात अजून आहे. आजारपणाची रजा नाही. पंधरा दिवस काम थांबलं की लेव्हल थेट तळाला. स्कूटरवरून पडला त्या दिवशी रस्त्यावर बसूनच त्याने फोन पाहिला. ॲपने विचारलं होतं – पार्सल सुरक्षित आहे का?

आणि या गृहस्थांनी 'हो' दाबलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भांडलो. भर रस्त्यात. मागून सारखं – "डावीकडून घाल!", "अगं, ट्रक थांबेल, तू जा!" स्कूटर कडेला घेतली आणि म्हटलं, "उतर." उतरणार कसा? बसून राहिला. मग दोघंही हसलो.

घरी आल्यावर म्हणाला, "एकवीस जिने चढलीस आज. मी मोजत होतो." पाय चेपून दिले. बरं वाटलं. सहा वर्षांत आम्ही इतका वेळ एकत्र कधी घालवला होता?

१९ नोव्हेंबर, बुधवार
ॲपचा निरोप – "तुमचा वेग कमी झाला आहे. लेव्हल धोक्यात आहे." कुणाचा वेग? माझा! मी सिग्नलला थांबते ना.

नवरा म्हणाला, "सोमवारपासून मी चालवतो."

संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड जुळलेलं नाही. आणखी सहा आठवडे पाय टेकायचा नाही. "आता परत पडलात तर जन्मभर लंगडावं लागेल." नवऱ्याने मान डोलावली. ती मान मी ओळखते. लग्नाआधी सिगरेट सोडतो म्हणताना अशीच डोलावली होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
माझा स्वतःचा आयडी मंजूर झाला. गुपचूप अर्ज केला होता. सगळ्यात खालची लेव्हल, दुपारच्या रटाळ वेळा. पण माझा चेहरा!

त्याला दाखवला. "चांगलं आहे," म्हणाला. मग फोन परत देत, "पण शून्यापासून सुरुवात करायची म्हणजे..."

२२ नोव्हेंबर, शनिवार
चादर बदलायला गेले तर गादीखाली शेजाऱ्यांची पत्रा कापायची कात्री. प्लास्टर वरच्या कडेला चार बोटं कापलेलं, वर फडकं गुंडाळलेलं. मी ओरडले. लेक घाबरून सासूबाईंकडे पळाली.

"सोमवारी जाणार म्हणजे जाणार," म्हणाला. "सहा वर्षं आहेत माझी त्यात. अशीच जाऊ देऊ?"

मी म्हटलं, "आणि पाय?"

"पाय होईल बरा."

रडलाच मग. मी त्याला एकदाच रडताना पाहिलंय, त्याचे बाबा गेले तेव्हा. जवळ घेतलं. त्याच्यावर चिडू कशी? त्याला सहा वर्षं कुणी शाबासकी दिली नाही, फक्त ॲपमधल्या त्या सोनेरी पट्टीने दिली. ती पट्टी त्याला किती प्यारी आहे ते मला कळतं. पण तो उद्या वेळा निवडणार आणि परवा निघणार, हेही कळतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
सातला पाच मिनिटं कमी होती. तो गाढ झोपलेला, पाय उशीवर. गजर मी आधीच बंद केला होता. त्याचा फोन म्हणाला, चेहरा गोलात आणा.

माझा आणला. जुळला नाही.

परत आणला. जुळला नाही.

तिसऱ्यांदा आणायच्या आधी केस नीट केले.

कात्री शेजाऱ्यांना परत करून आले. चहा टाकलाय. आता त्याला उठवते.