कर वेगळी

मु. निडी, ता. रोहा
शिमग्याची कर होऊन तिसरा दिवस

चि. प्रविण यास पुंडलिक भावोजींचे अनेक आशीर्वाद. (धाकट्या मेव्हण्याला आशीर्वाद द्यावेच लागतात. त्यात माझी मर्जी कुणी विचारत नाही.) पेणला तुम्हा सर्वांची प्रकृती ठीक असेल. तुझा खोकला गेला का? शाडूची धूळ नाकात जाते, गणपतीच्या कारखान्यात तोंडाला रुमाल बांधावा, हे मी तुला गेल्या शिमग्यालाही सांगितलं होतं. पण माझं ऐकणाऱ्यांतला तू असतास तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती. फोन करणार होतो, पण मी आवाज चढवला की तुझ्याकडची रेंज जाते असा अनुभव आहे. पत्राची रेंज जात नाही. अष्टमी गावचे सईदभाई, ते मटणाचं दुकानवाले, उद्या पेणला येणार आहेत, त्यांच्या हाती देतो.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी राग आला की माणूस पहिल्यापासून सांगतो. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशांतून आमराईत चार खोल्या बांधल्या. त्याला मी रिसॉर्ट म्हणतो. तुझी बहीण 'चार खोल्या नि एक टाकी' म्हणते. (टाकी म्हणजे स्विमिंग पूल. आंब्यांना पाणी सोडायच्या दिवशी तो बंद असतो, एवढाच फरक.) दर ठेवला होता माणशी नऊशे, जेवणखाण धरून. मग महागाईने आमचं घर बघितलं. घरपट्टी व्यापारी झाली, विजेचा मीटर व्यापारी झाला, सिलिंडर व्यापारी झाला. व्यापारी व्हायचा राहिला तो फक्त मालक. मी नऊशेचे बाराशे केले, बाराशेचे पंधराशे. दर वाढवला की एक खोली रिकामी व्हायची, आणि खोली रिकामी झाली की खर्च भागवायला मी पुन्हा दर वाढवायचो. त्यात धाटावला ओव्हरटाइम बंद झाला. पूर्वी शिफ्ट सुटली की पोरं मोटरसायकलवरून येऊन थेट पाण्यात पडायची. आता फाटकापर्यंत येतात, दर वाचतात, माझ्या माठातलं पाणी पितात आणि "काका, झाडं मस्त ठेवलीव" म्हणून निघून जातात. खर्च आवरावा म्हणून मी एका टॉवेलचे दोन केले. तर एका पाहुण्याने तोंड पुसून विचारलं, "काका, रुमाल भेटला, टॉवेल कवा येल?"

शेवटी तुझ्या बहिणीने, अनिताने, निर्वाणीचं सांगितलं. शिमग्याला चारही खोल्या भरल्या तर रिसॉर्ट चालू, नाहीतर खोल्या तुला द्यायच्या, कच्चे गणपती ठेवायला. (तुझ्या शेडचं भाडं वाढलंय हे तू तिला आठवड्यातून तीनदा सांगत होतास. मी शेजारच्या खोलीत असतो, बहिरा नसतो.) प्रविण, तीस वर्षं मी कंपनीत ॲसिडच्या वाफेत उभा राहिलो ते ह्या चार खोल्यांसाठी. त्यांत देव का असेनात, पण भाडं न देणारे पाहुणे येऊन राहणार, ह्या विचाराने मला घास जाईना.

म्हणून शिमगा पॅकेज काढलं आणि बोर्ड तुझ्याकडे दिला. घरचा कलाकार, गणपतीच्या भुवया एका दमात काढणारा हात, म्हणून विश्वासाने दिला. मजकूर एका ओळीचा: 'शिमगा पॅकेज, माणशी पंधराशे, कर वेगळा.' अलिबागकडच्या मोठ्या रिसॉर्टांच्या पाट्यांवर खाली बारीक अक्षरात 'कर वेगळा' असतं, ते मी पाहून ठेवलं होतं. त्याने पाटीला वजन येतं. तुझा बोर्ड आला तसा मी निडी स्टेशनच्या रस्त्याला ठोकला. वाचला नाही. (आपणच सांगितलेला मजकूर पुन्हा कोण वाचतो? आणि चष्मा घरी होता.)

दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागला. पहिला फोन आदर्श नावाच्या पोराचा, धाटावला ऑपरेटर आहे. त्याने विचारलं, "काका, कर वेगळी ती किती?" मी म्हटलं, "बारा टक्के." तो म्हणाला, "बाराच? मंग बाकीचा काय, बटाटं?" मला वाटलं पोरगं सरकारची थट्टा करतंय. मी गंभीरपणे म्हटलं, "सरकारनं ठरवलंय बाबा, माझ्या हातात काय नाय." मग तो फार हळहळून म्हणाला, "सरकार आता आमच्या करीत पन बटाटं घालाया लागला?" आणि तरीही त्याने तेवीस माणसांचं बुकिंग केलं! चार खोल्या, तेवीस माणसं! मी आनंदाने अर्धे केलेले टॉवेल पुन्हा शिवून घेतले.

होळी झकास झाली. सगळ्यांनी महागाईच्या नावाने बोंब मारली, त्यात सर्वांत मोठी माझी होती. करीच्या दिवशी मंडळी रंग खेळली, टाकीत डुंबली (पाणी गुलाबी झालं आणि तेच आंब्यांना गेलं, यंदाचा हापूस कसा निघतो ते देव जाणे) आणि अकरा वाजता तेवीसच्या तेवीस जण पत्रावळी पुढ्यात घेऊन ओळीने बसले. मी पावतीपुस्तक घेऊन गेलो आणि म्हटलं, "कर द्या." आदर्श म्हणाला, "कर तुमी देयाची." मी म्हटलं, "पाहुण्यांनी द्यायचा असतो." तो म्हणाला, "देयाचा नाय काका, देयाची. बोर्ड वाचा." तेवीस माणसांच्या डोळ्यांदेखत मी रस्त्यापर्यंत चालत गेलो, चष्मा लावला आणि वाचलं. कर वेगळी! एक काना द्यायचा तिथे तू वेलांटी दिलीस, आणि तीही सोनेरी! अरे, कर वेगळा म्हणजे टॅक्स. कर वेगळी म्हणजे काय ते आपल्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल: सणाचा दुसरा दिवस, आणि शिमग्याच्या करीला मटण. भर रस्त्यात तू माझ्या नावाने मटणाची दवंडी पिटलीस! घरात मटण सोड, अंडंही नव्हतं. खोल्या मिळाव्यात म्हणून तू हे मुद्दाम केलंस, अशी माझी खात्री पटली. परत येताना एकेका खोलीत गणपती शिरताना मला दिसायला लागले.

आणि तेवढ्यात वास आला. मागच्या चुलीवर दोन टोप रटरटत होते, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लागली होती आणि तुझी बहीण घाम पुसत म्हणाली, "अवो, बगत काय ऱ्हायलाव? वाढा." सकाळी सातला सईदभाई स्कूटरवरून आठ किलो मटण ठेवून गेले म्हणे. त्यांना कुणी सांगितलं, काही कळायला मार्ग नाही. विचारलं तर म्हणाले, "अरे भाई, मी पन बोर्ड वाचला ना." असेल. देव ज्याची लाज राखतो त्याच्याकडे स्कूटर पाठवतो.

मंडळी जेवली ती अशी की आमची कुत्री उपाशी राहिली. मग सगळे आंब्याखाली आडवे झाले, खोल्यांकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. निघताना आदर्शने करीचे माणशी तीनशे आपणहून हातात ठेवले. म्हणाला, "वेगळी लिवलीव ना? असा टॅक्स असला तर रोज भरू." प्रविण, तुला म्हणून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं पगारातून कर कापला गेला, पण कर भरून ढेकर देणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

तरीही चूक ती चूक. पाडव्यापर्यंत तू लेखी माफी मागावीस, ह्या वेळी काने-वेलांट्या तपासून. चि. सौ. भूमिकाला आशीर्वाद, तिचे पोह्याचे पापड संपले हे कळवावे.

तुझा संतप्त (पण पोट भरलेला) भावोजी,
पुंडलिक

ता.क. रोह्याच्या रिझवाना मॅडम टॅक्सची कामं बघतात, त्यांना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचा धंदा एवढा लहान की नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसताना पाहुण्यांकडून टॅक्स घेतला असतात तर तुम्हीच अडकला असतात. म्हणजे माझं 'कर वेगळा' बेकायदा आणि तुझं 'कर वेगळी' कायद्यात बसणारं. हे चारचौघांत बोलू नये.

ता.क. २. बोर्ड बदलू नकोस. येऊन वेलांटी जरा जाड करून जा. आणि मुद्द्याचं राहिलंच. आता जो तो फक्त कर मागतो, खोली कुणी मागत नाही. तेव्हा मागच्या दोन खोल्यांत तुझे गणपती आणून ठेव. भाडं नको. पाटीवर 'दर्शनासह' लिहिता येईल. (करीच्या दिवशी दारं लावून घेऊ.)

प्रविण, पाकीट मी चिकटवते म्हणून ह्या दोन ओळी. वेलांटी कुणी घालायला सांगितली ते ह्यांना कळू देऊ नको रे. दर वाढवल्यापासून रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी बसायचे, गाडीचा आवाज आला की उठायचे, गाडी पुढे गेली की परत बसायचे. मला बघवेना. परवा वाढताना त्याच शर्टावर रस्सा सांडला, तर कुणी आलं की डाग दाखवतात. मी धुतलेला नाही. तर शिव्या तू खा. सईदभाईंकडे सुक्या मटणाचा डबा दिलाय, कारखान्याच्या बाहेर बसून खा. आत गणपती आहेत.
अनिता